सोफ्यावरचा डाग आणि कारागिराची पत

गाद्या भरणे, उशा शिवणे, कोचाला कापड चढविणे हा आपल्यातील अनेक घराण्यांचा पिढीजात व्यवसाय आहे. पिंजारी, नदाफ, मन्सूरी अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या बांधवांनी महाराष्ट्रात गावोगावी कापूस पिंजून घराघरांत गाद्या पुरविल्या. फोम आला तशी धनुकलीची तात बंद पडत गेली. मग पुष्कळांनी कुशन, सोफा दुरुस्ती आणि मोटारीची सीट कव्हरे यांकडे आपला हात वळविला. आज मुंबईत ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारापासून तालुक्याच्या गावातील एका गाळ्याच्या दुकानापर्यंत हा कारागीर आपल्याला भेटतो. लाकडाचा सांगाडा, पट्टा, स्प्रिंग, फोम, कापड यांतले त्याला सारे कळते. परंतु सोफा एकदा गिऱ्हाईकाच्या घरी पोचला की तेथून पुढे त्या सोफ्याचे काय होते, याकडे त्याचे लक्ष नसते.

आणि नेमके तेथेच नुकसान होते. वर्ष-दोन वर्षांनी गिऱ्हाईकाचा फोन येतो, "भाई, सोफ्यावर चहा सांडला, काय करू?" भाई कामात असतो. तो सांगून टाकतो, "ताई, सर्फच्या पाण्याने पुसून घ्या." ताई पुसतात. डाग जात नाहीच, वर ताटाएवढे पांढुरके वर्तुळ उमटते. मग त्या सफाई कंपनीच्या माणसांना बोलावतात. ती माणसे पैसेही घेतात आणि पुढच्या वेळी कापड बदलायचे झाले तर आपल्या ओळखीचा दुसरा कारागीरही सुचवितात. म्हणजे एका डागापायी भाईचे एक गिऱ्हाईक कायमचे गेले.

आमचे म्हणणे असे की, ज्याने कापड चढविले त्यानेच ते साफ करणे सर्वांत सोयीचे आहे. त्याला कापडाची जात माहीत असते, आत कोणता फोम आहे हे ठाऊक असते, आणि कापडाचे कात्रणही त्याच्याच दुकानात पडलेले असते. कमी आहे ती फक्त माहितीची. गेल्या काही वर्षांत मायक्रोफायबरचे, म्हणजे बाजारात ज्याला 'स्वेड' म्हणून विकतात त्या कापडाचे सोफे घरोघरी दिसू लागले आहेत. म्हणून या लेखात आम्ही त्याच कापडाचा विचार करीत आहोत.

हे कापड आहे तरी काय?

धाग्याची जाडी मोजण्याचे डेनियर हे माप आहे. ९,००० मीटर लांबीच्या धाग्याचे वजन जितके ग्रॅम भरेल तितके त्याचे डेनियर. रेशमाचा एक तंतू साधारणपणे सव्वा डेनियरच्या आसपास असतो. एका डेनियरपेक्षाही बारीक तंतूला मायक्रोफायबर म्हणतात. म्हणजे हा तंतू रेशमाहून बारीक. तो बहुधा पॉलिएस्टरचा असतो, काही कापडांत पॉलिएस्टरबरोबर नायलॉन असते.

या कापडाची वाट जपानमध्ये निघाली. तोरे या कंपनीतील शास्त्रज्ञ मियोशी ओकामोतो यांनी १९७० साली अतिसूक्ष्म तंतूंपासून हरणाच्या मऊ कातड्यासारखे दिसणारे कापड तयार केले. पुढे ते 'अल्ट्रास्वेड' या नावाने जगभर गेले. आपल्याकडे सोफ्यासाठी जे स्वस्त कापड येते ते सगळे त्या प्रतीचे नसते. त्यातले बरेचसे विणलेले पॉलिएस्टर असते. त्याचा वरचा थर घासून त्यावर बारीक लव उठविलेली असते आणि पाठीला दुसरे अस्तर चिकटविलेले असते. कारागिराने ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे द्रव निवडताना वरची लव, रंग आणि पाठीचा चिकट थर या तिन्हींचा विचार करावा लागतो.

कापूस आपल्या वजनाच्या ७ ते ८ टक्के ओलावा हवेतून सहज शोषून घेतो. पॉलिएस्टर मात्र जेमतेम ०.४ टक्के घेते. म्हणून पाण्यात विरघळलेला डाग पॉलिएस्टरच्या तंतूच्या पोटात शिरत नाही, तो तंतूंच्या मधल्या फटींत बसतो. ही चांगली गोष्ट झाली. वाईट गोष्ट अशी की, पॉलिएस्टरला पाण्याशी जितके वावडे तितकीच तेलाशी मैत्री. डोक्याचे तेल, तूप, अत्तर, सालनाचा तवंग हे सगळे त्याला घट्ट धरून बसतात. या कापडावरचा डाग काढण्याचे सारे शास्त्र या दोन वाक्यांत आले.

वर्तुळ का उमटते?

बारीक तंतूंच्या फटीही बारीक असतात. अशा फटींतून पाणी दिव्याच्या वातीतल्या तेलाप्रमाणे चढते आणि पसरते. आपण मधोमध पाणी ओतले की ते कडेकडे धावते आणि वाटेतली धूळ, साबण, जुना मळ बरोबर नेते. कडेला पाणी सुकते, पण मळ तेथेच राहतो. पाणी बोअरचे आणि जड असेल तर त्यातले क्षारही तेथेच साचतात. हेच ते पांढुरके वर्तुळ. पुष्कळ वेळा मूळ डाग गेलेला असतो आणि गिऱ्हाईक ज्याला डाग म्हणते ते आपल्या पुसण्याचे वर्तुळ असते.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, पाणी कमीत कमी वापरावे. दुसरा, शेवटचा हात जड पाण्याचा नसावा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर कोणत्याही बॅटरीवाल्याकडे मिळते, ते वापरावे. तिसरा, नुसता डाग पुसून थांबू नये. एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा सबंध तुकडा हलक्या हाताने सारखा ओलसर करावा, म्हणजे ओल्या-कोरड्याची सीमा मधोमध न पडता शिवणीवर पडते आणि दिसत नाही.

आधी चिठ्ठी, मग चाचणी

तयार सोफ्याच्या बैठकीखाली किंवा तळाच्या काळ्या कापडावर कधी कधी कंपनीची चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावर एखादे इंग्रजी अक्षर असते. 'डब्ल्यू' असेल तर पाण्याने साफ करता येते. 'एस' असेल तर पाणी नको, केवळ स्पिरिटसारखा पाणी नसलेला द्रव वापरावा. 'डब्ल्यूएस' किंवा 'एसडब्ल्यू' असेल तर दोन्ही चालते. 'एक्स' असेल तर कोणताही द्रव लावू नये. नुसते व्हॅक्यूम क्लीनरने किंवा मऊ ब्रशने झाडावे.

आपल्याकडच्या पुष्कळ सोफ्यांना अशी चिठ्ठी नसते. तेव्हा कारागिराने कापडालाच विचारावे. सोफ्याच्या मागे किंवा बैठकीखाली, जेथे नजर जात नाही अशा जागी पाण्याचे दोन थेंब टाकावे आणि पूर्ण सुकू द्यावे. वर्तुळ राहिले तर पाणी टाळावे. दुसऱ्या जागी पांढऱ्या कपड्यावर थोडे स्पिरिट घेऊन दाबावे. कपड्यावर रंग उतरला तर स्पिरिटही टाळावे. दोन्ही परीक्षा सुकल्यावर पाहाव्या, ओले असताना निर्णय करू नये.

येथे सोफा बनविणाऱ्याची खरी सोय आहे. आमची सूचना अशी की, प्रत्येक कामातून उरलेले तळहाताएवढे कात्रण ठेवून द्यावे. त्यावर गिऱ्हाईकाचे नाव, तारीख आणि कापड कोणाकडून घेतले ते लिहावे. फोन येताच त्या कात्रणावर तोच डाग पाडून पाहता येतो, तोच द्रव लावून पाहता येतो. चुकलेच तर कात्रण वाया जाते, गिऱ्हाईकाचा सोफा नाही. बाहेरून येणाऱ्या सफाईवाल्याला ही सोय नाही.

सफाईची रीत

पहिले काम कोरडे. सोफा ओला करण्याआधी सांदी, शिवणी, हातांच्या खाचा यांतली धूळ व्हॅक्यूम क्लीनरने काढावी. धूळ राहिली आणि वर पाणी पडले तर तिचा चिखल होतो. निम्मा मळ येथेच निघतो.

पाणी चालणाऱ्या कापडासाठी कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य लिक्विडचे काही थेंब टाकून फेस उठवावा. पाणी न घेता फक्त फेस स्पंजावर घ्यावा, स्पंज पिळून जवळजवळ कोरडा करावा आणि मग लावावा. नंतर स्वच्छ पाण्यात पिळलेल्या कपड्याने साबण दोनदा पुसून काढावा. साबण आत राहिला तर तोच पुढे धूळ ओढतो आणि महिन्याभरात ती जागा आधीपेक्षा काळी दिसते.

'एस' खुणेच्या कापडासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. ते रसायनांच्या दुकानात मिळते. घेताना जवळजवळ शुद्ध घ्यावे. ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेला भाग पाणीच असते. निळे-जांभळे रंगवलेले स्पिरिट वापरू नये, रंग कापडावर उतरतो. बारीक फवाऱ्याने डागावर शिंपडावे आणि पांढऱ्या स्पंजाने पुसावे. स्पंज आणि ब्रश पांढरेच हवेत, रंगीत स्पंजाचा रंग स्पिरिटमध्ये सुटतो. स्पंजाची एक बाजू मळली की दुसरी घ्यावी, मळलेल्या बाजूने पुन्हा फिरवू नये.

फवारण्यापूर्वी सोफ्याचे लाकडी हात आणि पाय प्लास्टिकने झाकावे. लाखेचे पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळवूनच बनवितात, त्यामुळे स्पिरिट पडताच ते पुन्हा विरघळते. कापड साफ झाले आणि हाताचे पॉलिश गेले, असा सौदा करू नये.

सुकल्यावर कापड कडक लागते. गिऱ्हाईकाला वाटते, कापड बिघडले. तसे नसते. लव एकमेकींना चिकटलेली असते. मऊ नायलॉनच्या ब्रशने गोल गोल फिरवून मग एका दिशेने ओढले की ती पुन्हा उभी राहते. हा शेवटचा हात दोन मिनिटांचा आहे, पण काम पाहून गिऱ्हाईक खूश होते ते याच हातामुळे.

कोणत्या डागाला काय?

सर्व डागांना एक नियम लागू आहे. डाग चोळू नये, टिपावा. आणि बाहेरून आत यावे, आतून बाहेर जाऊ नये.

तेल, तूप, तर्री : प्रथम घट्ट भाग चमच्याने उचलावा. मग पांढरी टाल्कम पावडर भुरभुरून अर्धा तास ठेवावी, ती तेल ओढून घेते. झाडून काढल्यावर राहिलेला डाग स्पिरिटने किंवा पाणी चालत असेल तर साबणाच्या फेसाने काढावा. सोफ्याच्या पाठीवर डोके टेकते तेथील काळपट पट्टा हाही तेलाचाच डाग असतो. रोजच्या कामात हाच सर्वांत जास्त येईल.

हळद : येथे पुष्कळांची फसगत होते. हळदीतील पिवळे द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही आणि साबण लागला की क्षारामुळे ते लालभडक होते. गिऱ्हाईक घाबरते. पातळ व्हिनेगर लावले की लाली जाऊन पुन्हा पिवळा रंग येतो, म्हणजे कापड बिघडलेले नसते. परंतु त्याने डाग जात नाही. आधी पावडरने तेल ओढावे, मग स्पिरिटने पिवळा रंग उचलावा. तरी जी छटा राहील ती उन्हात बरीच फिकी पडते. सुटी उशी असेल तर थोडा वेळ उन्हात ठेवावी, फार वेळ ठेवल्यास कापडाचाही रंग उडतो.

चहा : दूध असल्यामुळे गरम पाणी नको. प्रथम गार पाण्यात पिळलेल्या कपड्याने टिपावे, मग फेस. तपकिरी छटा उरली तर एक भाग पांढरे व्हिनेगर व दोन भाग पाणी करून टिपावे आणि पुन्हा स्वच्छ पाण्याने पुसावे.

शीरखुर्मा, खीर, दूध : ईदच्या दुसऱ्या दिवशी हे फोन ठरलेले. यात दूधही असते आणि तूपही. आधी गार पाण्याने दूध, मग सुकल्यावर पावडर आणि स्पिरिटने तूप. दूध फोममध्ये उतरले असेल तर कव्हर काढून फोमही पुसून वाळवावा, नाही तर चार दिवसांनी वास सुटतो.

रक्त : गारच पाणी. गरम पाण्याने रक्त तंतूवर शिजते आणि मग सुटत नाही.

बॉलपेनची शाई : पांढऱ्या कपड्यावर स्पिरिट घेऊन टिपावे. प्रत्येक वेळी कपड्याची कोरी बाजू घ्यावी. पाणी लावून ही शाई निघत नाही.

च्युइंगगम, मेणबत्तीचे मेण : प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून वर ठेवावा. कडक झाले की तुकडे उचलावे, राहिलेले स्पिरिटने काढावे. इस्त्री फिरवू नये. पॉलिएस्टरची लव उष्णतेने वितळून चकाकते, आणि ती चकाकी कायमची असते.

मेंदी : मेंदीचा रंग कातडी, केस, लोकर, रेशीम यांना पकडतो, पॉलिएस्टरला तितका नाही. ओली मेंदी पुसून पसरवू नये. सुकू द्यावी, उचलावी आणि मग स्पिरिटने टिपावे. कापडात नायलॉन असेल तर छटा राहू शकते.

पान : चुना आणि काथ दोन्ही असतात. सुकलेला भाग उचलून पातळ व्हिनेगरने चुना मारावा, मग स्पिरिट वापरावे. काथाचा जुना डाग पूर्ण जाईल असे वचन कोणालाही देऊ नये.

अत्तर : बाटली सांडली तर तो तेलाचा डाग समजावा. रंग नसला तरी ती जागा पुढे धूळ धरते.

काय करू नये?

ब्लीच लावू नये, डागाबरोबर कापडाचा रंगही जातो. ब्लीच आणि संडास साफ करण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. ब्लीच आणि अमोनिया यांचे मिश्रणही तसेच घातक आहे.

थिनर आणि पेट्रोल वापरण्याची सवय काही दुकानांत आहे. डाग जातो हे खरे, पण पाठीचे चिकटविलेले अस्तर सुटते, कापडाला फोड आल्यासारखे फुगवटे येतात आणि फोमही बिघडतो. शिवाय आगीचा धोका मोठा.

बैठकीच्या कव्हरला चेन असते म्हणून ते मशीनमध्ये धुण्यासाठी काढू नये. ती चेन आपण कव्हर चढविण्यासाठी लावतो, हे कारागिराला ठाऊक असते, गिऱ्हाईकाला नसते. धुतल्यावर कव्हर आटले किंवा अस्तर सुटले तर ते फोमवर परत नीट बसत नाही. सोफा घरी पोचवितानाच हे सांगून टाकावे.

पाणी आत गेले तर

सोफ्याला पाणी वरून दिसते तितकेच लागलेले नसते. फोम पाणी धरून ठेवतो. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तो अनेक दिवस वाळत नाही. मग बुरशी येते, कुबट वास येतो, प्लायवूडचे थर फुगतात. कापड ठोकलेल्या लोखंडी पिना गंजतात आणि तो गंज कापडातून तपकिरी ठिपक्यांच्या रूपाने वर येतो. गंजाचा हा डाग कापड न काढता निघत नाही. तेव्हा पावसाळ्यात पाण्याची सफाई शक्यतो टाळावी. करावीच लागली तर उघाडीचा दिवस पाहावा, उश्या उभ्या करून पंखा लावावा, आणि बैठक आतून कोरडी झाल्याचा हाताने दाबून अंदाज घेतल्याशिवाय कोणाला बसू देऊ नये.

आगीची खबरदारी

आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ सुमारे १२ अंश सेल्सियस तपमानालाच पेट घेण्याइतकी तयार होते. म्हणजे आपल्याकडे बहुतेक बारा महिने ती पेटू शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. म्हणून खिडक्या-दारे उघडून काम करावे. घरातील गॅस, समई, अगरबत्ती, लोबान, मच्छर-अगरबत्ती आधी विझवायला सांगावे. काम करताना बिडी-सिगारेट नको. एका वेळी थोडेच फवारावे आणि वाफ उडून जाईपर्यंत त्यावर व्हॅक्यूम क्लीनर लावू नये, त्याच्या मोटारीत ठिणगी असते. सोफ्याचा फोम एकदा पेटला की झपाट्याने जळतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड असे जीवघेणे वायू असतात. हे भीती घालण्यासाठी आम्ही लिहीत नाही. फोमच्या ढिगाशेजारी झोपणाऱ्या कामगार पोरांचा जीव या माहितीवर अवलंबून आहे.

व्यवहार चोख ठेवा

कारागिराच्या हाती आलेली गिऱ्हाईकाची वस्तू ही अमानत आहे. ही गोष्ट आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. कायद्याचीही बाजू आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. पैसे घेऊन केलेल्या कामात उणीव राहिली तर गिऱ्हाईक जिल्हा आयोगाकडे तक्रार करू शकते. पावतीच्या कोपऱ्यात 'नुकसानीस आम्ही जबाबदार नाही' असे छापल्याने सुटका होईलच, या भरवशावर राहू नये.

त्यापेक्षा काम सुरू करण्यापूर्वी एक साधी चिठ्ठी करावी. तिच्यात डाग कशाचा, किती जुना, आधी घरी काय लावले होते, चाचणी कोठे केली आणि तिचा परिणाम काय झाला, हे लिहावे. कोणता डाग पूर्ण जाईल, कोणता फिका होईल आणि कोणता जाणार नाही हे तोंडावर सांगावे. गिऱ्हाईकाची सही घ्यावी. आधी सांगितलेल्या उणिवेचे गिऱ्हाईकाला वाईट वाटत नाही. काम झाल्यावर सांगितलेली तीच गोष्ट बहाणा ठरते.

भांडवलाचे म्हणाल तर सुरुवातीला मोठे यंत्र लागत नाही. ब्रशचे तोंड असलेला साधा व्हॅक्यूम क्लीनर, दोन मऊ नायलॉन ब्रश, पांढरे स्पंज, धुतलेले पांढरे सुती कपडे, फवाऱ्याच्या दोन बाटल्या, डिस्टिल्ड वॉटर, सौम्य लिक्विड, व्हिनेगर, टाल्कम पावडर आणि स्पिरिट एवढे पुरते. पाणी ओढून घेणारे यंत्र काम वाढल्यावर घ्यावे. या कामाचा दर सहसा बसण्याच्या जागांवर ठरतो. तीन जणांचा सोफा म्हणजे तीन जागा. हट्टी डागाची मजुरी वेगळी सांगावी. दर ठरविताना येण्या-जाण्याचे भाडे आणि सुकेपर्यंत जाणारा वेळ धरावा, नाही तर दिवसभर राबून हाती काही उरत नाही.

यातला खरा फायदा केवळ सफाईच्या मजुरीचा नाही. ईद आणि दिवाळीच्या आधी कारागिराकडे कामाची गर्दी असते, मधल्या महिन्यांत दुकान रिकामे असते. पावसाळा संपल्यावर जुन्या गिऱ्हाइकांना एकदा फोन केला तर सफाईचे काम त्या रिकाम्या दिवसांत भरून निघते. घरात पाऊल पडले की बसलेला फोम, सुटलेली शिवण, कुरकुरणारा पट्टा हेही दिसते, आणि ते काम दुसरीकडे जात नाही.

कापड बदलण्याचे काम गेले तर कमाई बुडेल, अशी शंका काही बांधव घेतील. डाग जात असताना "आता नवे कापडच घाला" असे सांगून एकदा पैसे मिळतीलही. पण शेजारच्या घरी तोच डाग कोणी पुसून दाखविला की गिऱ्हाईकाला खरे काय ते कळते. जो कारागीर "याला नवे कापड नको, पुसून होईल" असे सांगतो, त्याने पुढे "आता बदलायलाच हवे" म्हटले तर गिऱ्हाईक वाद घालीत नाही.

शेवटी एक काम आजच करता येण्याजोगे. सोफा घरी पोचविताना गिऱ्हाईकाच्या हाती आपल्या दुकानाचे छोटे कार्ड द्यावे. त्यावर चार ओळी मराठीत छापाव्या : सांडलेले चोळू नका, पांढऱ्या कोरड्या कपड्याने टिपा. साबण, ब्लीच, गरम पाणी लावू नका. कव्हर काढून धुवू नका. लगेच आम्हाला फोन करा. आणि त्याच कापडाचे कात्रण, नाव-तारीख घालून, दुकानातल्या डब्यात टाकावे. फोन येईल तेव्हा आधी तो डबा उघडावा.